बर्फाचा चढ आणि स्नोमोबाइलचे मागचे सस्पेन्शन

पर्वतीय स्नोमोबाइलचे मागचे सस्पेन्शन हा रबरी ट्रॅकच्या वेढ्याआत बसवलेला एक सांगाडा असतो. ॲल्युमिनियमच्या दोन समांतर रेल, त्यांना गाडीच्या अंगाशी जोडणारा एक पुढचा आणि एक मागचा आर्म, दोन शॉक, त्यांच्या स्प्रिंग, ट्रॅक फिरता ठेवणारी काही चाके आणि पुढच्या बाजूला एक-दोन मजबूत कापडी पट्टे, एवढेच त्याचे मुख्य भाग. या संपूर्ण सांगाड्याला स्किड म्हणतात आणि तो ज्या पन्हळीसारख्या धातूच्या कवचाखाली बसतो त्याला टनेल. मोटारसायकलच्या सस्पेन्शनचे पहिले काम रस्त्याचे धक्के पचवणे हे असते. खोल, भुसभुशीत बर्फात धक्क्यांचा बराचसा भाग बर्फच शोषून घेतो, त्यामुळे पर्वतीय स्नोमोबाइलच्या स्किडवर दुसरीच जबाबदारी येते. गाडीचे आणि स्वाराचे वजन कुठे आणि किती टेकेल हे त्याला ठरवावे लागते. चढावर हाताबाहेर जाणाऱ्या गाडीत इंजिनाची ताकद क्वचितच कमी पडलेली असते. बहुतेक वेळा वजन चुकीच्या जागी गेलेले असते आणि स्किडमधले बदल हे वजन परत जागेवर आणण्यासाठी करावे लागतात.

ही यंत्रे मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या रॉकी पर्वतरांगांची. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले रेव्हलस्टोक, अमेरिकेतील मोंटाना राज्यातले कुक सिटी, वायोमिंगमधली टोगवोटी खिंड ही पर्वतीय स्वारांची ठरलेली ठिकाणे. वायोमिंगमधील जॅक्सन गावाशेजारच्या स्नो किंग डोंगरावर सुमारे साडेचारशे मीटर उभ्या चढाची शर्यत १९७० च्या दशकापासून होत आली आहे. मराठी प्रवाशाने गुलमर्गला किंवा सोलांगला ज्या स्नो स्कूटरवर फेरी मारलेली असते ती याच कुळातली, पण बहुधा आखूड ट्रॅकची आणि दाबून घट्ट केलेल्या वाटेवर चालणारी. तिच्या मागच्या भागाकडे पाहून पर्वतीय गाडीच्या स्किडची कल्पना येत नाही.

क्यूबेक प्रांतातील व्हालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांना दातेरी चाक आणि ट्रॅक यांच्या रचनेचे पेटंट १९३७ साली मिळाले आणि १९५९ साली त्यांनी एक-दोन माणसांची हलकी स्की-डू बाजारात आणली. त्या काळच्या गाड्यांत ट्रॅकच्या आत स्प्रिंगवर बसवलेल्या छोट्या चाकांच्या जोड्या असत. पुढे सरकत्या रेलची रचना आली आणि तीच टिकली. रेलच्या तळाला घट्ट प्लॅस्टिकची पट्टी असते, तिला हायफॅक्स म्हणतात. ट्रॅकवरच्या धातूच्या पकडी या पट्टीवरून घसरत जातात आणि उडणारा बर्फ तिला थंड ठेवतो. चाकांच्या जोड्यांपेक्षा रेलमुळे वजन ट्रॅकच्या पूर्ण लांबीवर पसरले. पर्वतीय स्वारांना तेच हवे होते. वाटेवर चालणाऱ्या गाड्यांचा ट्रॅक दीर्घकाळ १२१ इंचांचा होता. पर्वतासाठी तो १३६ इंच झाला आणि आज १५४, १६५ आणि १७४ इंचांचे ट्रॅक सर्रास दिसतात. ही मापे पूर्ण वेढ्याची असतात. १५४ इंची ट्रॅकचा साधारण १.४ मीटर लांबीचा भाग बर्फावर टेकतो. रुंदी १५ इंच, म्हणजे ३८ सेंटीमीटर धरली आणि गाडी, इंधन व स्वार मिळून ३३० किलो धरले, तर ट्रॅकखालचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६० ग्रॅम भरतो. बूट घालून उभ्या माणसाच्या पायाखाली याच्या दुपटीहून अधिक दाब असतो. माणूस कंबरभर रुतेल अशा बर्फावरून ही गाडी वर चढते ती त्यामुळे.

हा हिशेब सपाटीवरचा, आणि वजन सर्वत्र सारखे पसरले आहे असे मानून केलेला. चढावर तो मोडतो. उभ्या स्वारासह गाडीचा गुरुत्वमध्य बर्फापासून ६० सेंटीमीटर उंचीवर आहे असे समजू. त्या बिंदूतून सरळ खाली सोडलेली ओळंब्याची रेषा सपाटीवर जिथे टेकते, त्याच्या बरीच मागे ती चढावर टेकते. २० अंशांच्या चढावर हे अंतर २२ सेंटीमीटर, ३० अंशांवर ३५, ३५ अंशांवर ४२ आणि ४० अंशांवर ५० सेंटीमीटर होते. त्यात वेगवाढीची भर पडते. ३५ अंशांच्या चढावर स्वाराने थ्रॉटल दाबून गाडीचा वेग दर सेकंदाला दोन मीटर प्रति सेकंदाने वाढवला, तर वजनाचा टेकबिंदू आणखी १५ सेंटीमीटर मागे जातो. म्हणजे एकूण ५७ सेंटीमीटर, आणि टेकलेला ट्रॅक जेमतेम १.४ मीटर. १०० किलोचा स्वार हँडलवर झुकून ३० सेंटीमीटर पुढे आला तरी त्याने फक्त ९ सेंटीमीटरची भरपाई होते. स्वाराची हालचाल आवश्यक असली तरी एकटी ती पुरत नाही, ती यामुळे.

टेकबिंदू मागे गेला की तीन गोष्टी एकामागून एक घडतात. आधी गाडीच्या पुढच्या दोन स्की बर्फावरून उचलल्या जातात, घोडा मागच्या पायांवर उभा राहावा तशी गाडी नाक वर करते आणि हँडल वळवण्याला काही अर्थ उरत नाही. मग मागची स्प्रिंग दबते, ट्रॅकची शेपटी खाली बसते आणि ट्रॅक बर्फाला तिरपा होतो. तिरपा ट्रॅक बर्फावर तरंगण्याऐवजी तो मागे उपसत चर खणू लागतो. चर खोल झाला की गाडीचा कोन आणखी वाढतो, त्यामुळे वजन आणखी मागे जाते आणि हे चक्र गाडी अडकेपर्यंत किंवा उलटेपर्यंत चालू राहते. नाक उचलले की स्वार घाबरून थ्रॉटल सोडतो. सोडताच गाडी पुढे आपटते, वेग जातो, पुन्हा दाबताच नाक पुन्हा वर जाते. स्की हवेत जाणे एवढ्यापुरताच हा प्रश्न पाहणाऱ्याचे बदल अर्धवट राहतात. ट्रॅक बर्फाशी कोणत्या कोनात चालतो हा त्याचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवावी लागते. खोल बर्फात पर्वतीय गाडी स्कीने कमी आणि कलवून अधिक वळवली जाते. स्वार एका फूटरेस्टवर उभा राहून गाडी एका कुशीवर टाकतो आणि ट्रॅकच्या कडेवर उताराला आडवा चालतो. स्कीवर फार वजन असेल तर गाडी कुशीवर पडायला जड जाते, स्की बर्फात नांगरासारख्या शिरतात आणि झाडांच्या मधून वाट काढणे दमछाकीचे होते. त्यामुळे सगळे वजन पुढे आणणे हा उपाय होऊ शकत नाही. सरळ, लांब चढ वेगात कापणाऱ्या स्पर्धकाची आणि जंगलातल्या तीव्र उतारावर वळसे घेणाऱ्याची स्किडची जुळवणी एकच असणार नाही. आपला स्वार यांपैकी कोणता, हे ठरवल्याशिवाय पाना हाती घेऊ नये.

सर्वांत कमी खर्चाचा आणि परिणामाने सर्वांत ठळक बदल म्हणजे लिमिटर पट्ट्याचा. हा पट्टा पुढच्या आर्मला टनेलशी बांधून ठेवतो आणि स्किडचा पुढचा भाग जास्तीत जास्त किती खाली लोंबेल याला मर्यादा घालतो. पट्टा लांब असेल तर थ्रॉटल दाबताच मागचा भाग बसतो, पुढचा मनसोक्त खाली जातो आणि गाडीचे नाक वर ढकलले जाते. पट्टा आखूड केला की स्किडचा पुढचा भाग टनेलकडे ओढलेला राहतो, स्कीवर वजन टिकते आणि ट्रॅकची पुढची चढती बाजू बर्फाशी कमी कोन करते. या कमी कोनाचे मोल खोल बर्फात कळते. ट्रॅक बर्फाच्या भिंतीवर आदळण्याऐवजी तिच्यावर चढतो आणि चर खणण्याची प्रवृत्ती कमी होते. पट्ट्याला बहुधा एकापुढे एक अशी भोके असतात. एका भोकाने आखूड करणे हे पहिले पाऊल, आणि पुष्कळ गाड्यांना तेवढेच पुरते. अलीकडच्या काही मॉडेलांत हा पट्टा अवजाराविना हातानेच बदलता येतो, त्यामुळे पायथ्याशी एक आणि वर चढताना दुसरी जुळवणी ठेवणे शक्य झाले आहे.

मात्र पट्टा आखूड करताना दोन गोष्टी सोबत बदलतात आणि बहुतेक चुका तिथेच होतात. पहिली, पुढचा आर्म वर ओढला गेल्यामुळे पुढच्या शॉकची स्प्रिंग आधीच दबलेल्या स्थितीत येते, म्हणजे तिचा प्रीलोड न मागता वाढतो. तो कमी केला नाही तर शॉकची चाल उरत नाही आणि पुढचा भाग ठणठणीत कडक वाटू लागतो. दुसरी, ट्रॅकचा ताण बदलतो, कारण ट्रॅकच्या आतल्या सांगाड्याचा आकारच बदललेला असतो. ताण मोजण्याची पद्धत साधी आहे. गाडीचा मागचा भाग उचलून ट्रॅकच्या खालच्या बाजूच्या मध्यावर साधारण साडेचार किलोची ओढ लावायची आणि ट्रॅक रेलपासून किती लोंबतो ते मापायचे. योग्य ओढ आणि योग्य अंतर प्रत्येक उत्पादकाच्या पुस्तिकेत असते. सैल ट्रॅक पूर्ण ताकदीच्या क्षणी दातेरी चाकावरून उडी मारतो, फार घट्ट ट्रॅक ताकद खातो आणि हायफॅक्स झिजवतो. पट्टा दोन-तीन भोकांनी आखूड केल्यास तिसरा दोष दिसतो. ट्रॅकच्या पुढच्या भागावरचे वजन इतके कमी होते की तो बर्फ दाबून घट्ट करत नाही, आणि मागच्या भागाला पकड घ्यायला घट्ट बर्फच मिळत नाही.

पुढच्या शॉकची स्प्रिंग हा वजनाचा टेकू आहे असे मानले की तिचे वागणे समजते. ती कडक असेल तर गाडी पुढच्या आर्मवर तोलली जाते, स्की हलक्या होतात आणि गाडी सहज कुशीवर पडते. सपाट कुरणात हे फार सुखाचे असते. चढावर मात्र हाच टेकू नाक उचलण्याला मदत करतो. म्हणून चढासाठी पुढची स्प्रिंग थोडी मऊ ठेवतात, पण इतकी मऊ नाही की उडीनंतर आर्म तळाला आपटेल. पर्वतीय गाडीत या एका स्प्रिंगच्या जुळवणीला जितका वेळ द्यावा तितका थोडा. पुष्कळ स्वार मागच्या स्प्रिंगमध्येच गुंतून राहतात आणि पुढची कारखान्यातून आली तशी राहू देतात, हे नुकसानीचे आहे.

मागची स्प्रिंग गाडी किती बसते हे ठरवते. हे मोजण्यासाठी गाडीचा मागचा भाग वर उचलून स्किड पूर्ण मोकळा करतात आणि मागच्या बंपरची जमिनीपासूनची उंची मापतात. मग गाडी खाली ठेवून, स्वार पूर्ण साहित्यासह फूटरेस्टवर उभा असताना तीच उंची पुन्हा मापतात. दोन्हींतला फरक उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत बसला पाहिजे. पाठपिशवी, फावडे, पाणी आणि जादा इंधन यांचे वजन धरूनच हे माप घ्यायचे, कारण गॅरेजमध्ये साध्या कपड्यांत घेतलेले माप डोंगरावर खोटे ठरते. मागचा भाग फार बसत असेल तर प्रीलोड वाढवतात. पिळाची स्प्रिंग असेल तर तिच्या टोकाखालचा कोनी ठोकळा फिरवून, गुंडाळीची असेल तर शॉकवरची आट्यांची कडी फिरवून, आणि हवेची असेल तर पंपाने दाब वाढवून. प्रीलोड पूर्ण वाढवूनही गाडी बसतच असेल, तर स्प्रिंगच स्वाराच्या वजनाला अपुरी आहे असे समजावे आणि अधिक कडक स्प्रिंग घालावी. प्रीलोडने धातूच्या स्प्रिंगची सुरुवातीची उंची बदलते, तिचा कडकपणा बदलत नाही.

हवेच्या शॉकने पर्वतीय गाड्यांचे बरेच वजन वाचवले, कारण धातूची जड स्प्रिंगच निघून गेली. त्याची एक खोड मात्र जाणून घेण्यासारखी आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे २० अंशांच्या डोंगरावर गेली की तिचा निरपेक्ष दाब सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. सकाळी घरी नेमका केलेला दाब चढाच्या पायथ्याशी कमी झालेला असतो, गाडी नेहमीपेक्षा जास्त बसते आणि स्वार दोष लिमिटर पट्ट्याला देतो. गाडी बाहेर थंडीत तासभर उभी ठेवून मग दाब मोजणे हा यावरचा सरळ उपाय. हवेची स्प्रिंग शेवटच्या टप्प्यात झपाट्याने कडक होते, त्यामुळे ती तळाला क्वचित आपटते, पण चालीच्या मधल्या भागात ती धातूच्या स्प्रिंगपेक्षा मऊ वाटू शकते. चढावर गाडी नेमकी याच मधल्या भागात वावरते.

स्प्रिंग गाडी शेवटी कुठे स्थिरावेल हे ठरवते, शॉकमधले डॅम्पिंग तिथे किती वेगाने पोहोचेल हे ठरवते. चढावर थ्रॉटल सलग दाबलेला राहत नाही, तो सतत कमी-जास्त होतो, म्हणून हा वेग महत्त्वाचा. मागच्या शॉकचे मंद गतीचे दाब-डॅम्पिंग वाढवले तर थ्रॉटल दाबताच मागचा भाग झटकन बसत नाही आणि स्वाराला पुढे झुकायला क्षणभर मिळतो. पुढच्या शॉकचे परतीचे डॅम्पिंग वाढवले तर स्किडचा पुढचा भाग झटक्याने खाली उघडत नाही, आणि त्या झटक्याने नाक वर फेकले जाण्याचे टळते. बाहेरून फिरवायची कळ नसेल तर शॉक उघडून आतल्या झडपेवरच्या पातळ चकत्यांची रचना बदलावी लागते. अनेक शॉकमध्ये उच्च दाबाचा नायट्रोजन असतो आणि तो सोडल्याशिवाय शॉक उघडणे जिवावर बेतू शकते. हे काम शॉकच्या कारागिराचे आहे, घरच्या गॅरेजचे नाही. पिळाच्या स्प्रिंगचेही तसेच. तिच्यात साठलेला जोर हाताचे हाड मोडायला पुरेसा असतो.

यानंतर येते पुढच्या आणि मागच्या आर्मची परस्परांशी असलेली जोडणी, म्हणजे कपलिंग. पूर्ण मोकळ्या स्किडमध्ये मागचा भाग खाली बसला तरी पुढचा आपल्या मर्जीने वर-खाली होऊ शकतो. रेलवर ठोकळे किंवा थांबे बसवून या स्वातंत्र्याला मर्यादा घातली, तर मागचा भाग ठराविक अंतर बसल्यावर पुढच्यालाही सोबत ओढतो आणि रेल टनेलला बऱ्यापैकी समांतर राहतात. ठोकळा मोठा केला की जोडणी लवकर लागू होते, वजन मागे जाणे लवकर थांबते आणि नाक खाली राहते. खोल बर्फातल्या गाड्यांत ही जोडणी पुष्कळदा ढिली किंवा नसलेलीच असते, कारण मोकळा स्किड बर्फाच्या उंचसखलपणाशी चांगला जुळवून घेतो आणि गाडी खेळकर वाटते. सरळ चढाच्या स्पर्धेत घट्ट जोडणी उपयोगी पडते. रानातल्या भटकंतीत ती गाडीला अडमुठी करते.

जुळवणीची मर्यादा संपली की रचनेतच बदल करावे लागतात. त्यांतला सर्वांत प्रभावी बदल ट्रॅक लांब करण्याचा. १५४ वरून १६५ इंचांवर गेल्याने टेकणारी लांबी साडेपाच इंचांनी, म्हणजे १४ सेंटीमीटरने वाढते, आणि ही सगळी भर मागच्या टोकाला पडते. वर काढलेले टेकबिंदूचे अंतर आणि ही भर शेजारी ठेवून पाहिली की लांब ट्रॅक चढावर इतका शांत का असतो ते कळते. त्यासाठी रेलला जोड द्यावे लागतात किंवा नव्या रेल घालाव्या लागतात, टनेलची लांबी पुरते का ते पाहावे लागते आणि दातेरी चाकाच्या दातांमधले अंतर ट्रॅकच्या खाचांशी जुळते का हे तपासावे लागते. ट्रॅकवरच्या रबरी पॅडलची उंची अडीचवरून तीन इंच केली तर पॅडल टनेलमधल्या शीतकाला घासतात का हे हाताने ट्रॅक पूर्ण एक फेरा फिरवून पाहावे. लांब ट्रॅकची किंमतही असते. गाडी वळायला जड होते आणि थोडी ताकद ट्रॅक फिरवण्यातच जाते. उंचीवर ती ताकद आधीच कमी झालेली असते, कारण ३००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास तीन चतुर्थांश राहते. स्की-डूने २०२० च्या मॉडेलपासून समिट या पर्वतीय गाडीत कारखान्यातूनच टर्बो दिला तो या उणिवेसाठी. टर्बोमुळे ताकद परत मिळाली आणि नाक उचलण्याचा प्रश्नही त्याच प्रमाणात परत आला.

दुसरा बदल स्किडच्या जोडबिंदूंचा. पुढच्या आर्मचा टनेलवरचा बोल्ट थोडा मागे नेला की वजनाचा टेकू मागे जातो आणि स्कीवर अधिक वजन येते. परिणाम लिमिटर पट्टा आखूड करण्यासारखा असतो, पण शॉकची चाल न गमावता मिळतो. म्हणून जाणकार हा मार्ग पसंत करतात. अडचण अशी की स्किड मागे सरकला की ट्रॅक आवळला जातो. मागच्या धुरीच्या समायोजनात तेवढी जागा नसेल तर लांब ट्रॅक घ्यावाच लागतो. टनेलला नवी भोके पाडणे हे कामही हलक्याने घेण्यासारखे नाही. टनेल पातळ पत्र्याचा असतो आणि उडीनंतरचा सगळा मारा या बोल्टांवर येतो. आतून-बाहेरून जाड पट्टी लावून भोक मजबूत केले नाही तर पत्रा फाटतो, आणि तो बहुधा घरापासून सर्वांत दूर असताना फाटतो.

संपूर्ण स्किडच बदलून टाकण्याचा पर्यायही आहे. आयडाहोतील सँडपॉइंट इथल्या टिंबरस्लेड कंपनीचा माउंटन टेमर हा पर्वतीय स्वारांत नावाजलेला स्किड होता. ही कंपनी २०१५ साली स्नोमोबाइल बनवणाऱ्या पोलारिसने विकत घेतली. कारखान्यातल्या रचनाही स्थिर राहिल्या नाहीत. स्की-डूच्या टी-मोशन स्किडमध्ये २०१३ च्या मॉडेलपासून मागच्या आर्मला बॉल जॉइंट देऊन तो आडव्या दिशेने लवचीक केला गेला आणि सोबत कडा वाकणारा ट्रॅक आला, त्यामुळे गाडी कुशीवर टाकायला कमी श्रम लागू लागले. आर्क्टिक कॅट या दुसऱ्या उत्पादकाने २०१९ च्या अल्फा वन रचनेत दोन रेलऐवजी मधोमध एकच रेल ठेवली. या दोन्ही रचना कलण्याच्या सोयीसाठी आहेत. कलणे सोपे झाले की स्की हलक्या ठेवण्याची गरज कमी होते, आणि मग चढासाठी थोडे अधिक वजन पुढे ठेवणे परवडते. स्किडचा कोणताही एक गुण एकटा तपासता येत नाही, त्याचा परिणाम असा दुसऱ्यावर होतो.

बर्फाची जातही जुळवणी ठरवते. यूटा आणि कोलोरॅडोमधला हिवाळी बर्फ कोरडा आणि हलका, पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या डोंगरांतला ओला आणि जड. हलक्या बर्फात ट्रॅकचा कोन कमी ठेवणे सर्वांत फायद्याचे ठरते. वसंतातल्या दिवसा वितळणाऱ्या आणि रात्री गोठणाऱ्या कडक बर्फात ट्रॅक रुतत नाही, पकड घट्ट मिळते आणि त्यामुळेच नाक झटक्याने उचलते. तिथे पट्टा आखूड आणि जोडणी घट्ट ठेवणे सोयीचे. या कडक बर्फात हायफॅक्सला पुरेसा थंडावा मिळत नाही, म्हणून रेलला बर्फ खरवडणारे तारेचे आकडे लावतात.

बदल तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, त्याच उतारावर, त्याच स्वाराने, शक्यतो एका तासाच्या आत पुन्हा चढून पाहावे आणि नोंद करावी. दुपारपर्यंत बर्फ बदलतो आणि सकाळच्या जुळवणीचा निष्कर्ष खोटा ठरतो. चाचणीचा उतार ३० अंशांच्या आतला हवा आणि त्याच्या वर आणखी तीव्र उतार नसावा. हिमपट्टे तुटून होणारे हिमस्खलन बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुरू होते. चढ अधिक उंच कापता येऊ लागला की स्वार नेमका या उतारांवर पोहोचतो, म्हणून स्थानिक हिमस्खलन अंदाज पाहणे आणि प्रत्येकाने संदेशक, शोधकाठी व फावडे बाळगणे हा सुधारित गाडीच्या तयारीचाच भाग आहे. नाक उचलणे, चर खणणे, स्की न ऐकणे हे तिन्ही दोष २५ अंशांच्या सुरक्षित उतारावर, थांबलेल्या स्थितीतून जोरात निघूनही स्पष्ट दिसतात.

पहिल्या फेरीनंतर सर्व जोडबिंदूंचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या जोराने पुन्हा आवळावेत, ट्रॅकचा ताण पुन्हा मोजावा आणि लिमिटर पट्ट्याची कड उसवली आहे का ते पाहावे. पट्टा तुटला तर पुढचा आर्म आपल्या मर्यादेपलीकडे उघडतो आणि शॉक मोडतो. काही फेऱ्यांनंतर हायफॅक्सची झीज पाहण्यासारखी असते. रेलच्या पुढच्या वळणाजवळ ती इतर भागापेक्षा बरीच जास्त असेल तर तिथे गरजेपेक्षा अधिक वजन टेकत आहे आणि पुढची स्प्रिंग आणखी मऊ व्हायला हवी. झीज रेलच्या शेपटीकडे साठलेली असेल तर गाडी अजूनही मागे बसते आहे. पूर्ण लांबीवर सारखी झीज दिसली की ट्रॅक सपाट चालतो आहे हे नक्की होते.